जुन्या सेलिब्रिटी पाकपुस्तकांतून आज रांधायचं कसं?

मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ गाण्याच्या शेवटी खर्जातला, अंगावर काटा आणणारा एक आवाज येतो आणि मग ते भेसूर हसू. तो आवाज व्हिन्सेंट प्राइसचा. ‘हाउस ऑफ वॅक्स’, ‘द फ्लाय’ अशा भयपटांनी नाव मिळवून दिलेला हा हॉलिवूडचा नट येल विद्यापीठात कलेचा इतिहास शिकला होता. तो चित्रं जमवायचा आणि खाण्यावर त्याचं मनापासून प्रेम होतं. १९६५ साली त्याने आणि त्याची पत्नी मेरी हिने ‘अ ट्रेझरी ऑफ ग्रेट रेसिपीज’ हे जाडजूड पुस्तक काढलं. जगभर फिरताना दोघं जिथे जिथे चांगलं जेवले, तिथल्या कृती त्यांनी मागून आणल्या, घरच्या स्वयंपाकघरात जमतील अशा मांडल्या आणि त्या हॉटेलांची मेनूकार्डंही छापली. पन्नास वर्षांनी, २०१५ मध्ये, हे पुस्तक नव्याने छापलं गेलं.

हे एकच उदाहरण नाही. चित्रकार साल्वादोर दालीचं १९७३चं ‘ले दिने द गाला’ २०१६ मध्ये परत बाजारात आलं. सोफिया लॉरेनचं १९७१चं इटालियन पाकपुस्तक आजही जुन्या पुस्तकांच्या दुकानात हौसेने शोधलं जातं. फोटो, व्हिडिओ आणि हजारो कृती फोनवर फुकट मिळत असताना लोक साठ वर्षांपूर्वीच्या नटनट्यांच्या पाककृती का मागतात?

मला याचं एकच कारण पटतं. व्यावसायिक शेफचं पुस्तक आपल्याला पदार्थ शिकवतं, तर या पुस्तकांतून एका माणसाचं ताट दिसतं. तो कुठे गेला, कुणाला जेवायला बोलावलं, कशावर जीव जडला, हे सगळं कृतीबरोबर येतं. लिहिणारा हौशी असल्यामुळे तो आपल्यासारखंच घरच्या शेगडीवर, घरच्या भांड्यांत करतो. म्हणूनच ही पुस्तकं नुसती कपाटात मांडून ठेवणं मला पटत नाही. त्यातून रांधलं तरच ती उघडतात. पण अमेरिकेतलं १९६५चं पुस्तक आणि पुण्या-ठाण्यातलं आजचं स्वयंपाकघर यांत मापांचं, जिनसांचं, ओव्हनचं बरंच अंतर आहे. ते कसं पार करायचं ते क्रमाने सांगते.

पायरी १: पुस्तक कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

मुखपृष्ठावर नाव मोठं असलं म्हणजे त्या व्यक्तीने स्वयंपाक केलाच असेल असं नाही. ढोबळमानाने तीन जाती दिसतात.

पहिली, खरोखर रांधणाऱ्यांची. प्राइस दांपत्य यात येतं. सोफिया लॉरेनही येते. १९६८ साली, पहिल्या बाळाच्या वेळी, तिला जिनिव्हात सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात तिने कृती लिहायला घेतल्या. या जातीतलं आपल्याला सर्वांत जवळचं नाव म्हणजे मधुर जाफरी. ‘शेक्सपिअर वाला’मधल्या भूमिकेसाठी १९६५ साली बर्लिन महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पण त्याआधी लंडनला अभिनय शिकायला गेली तेव्हा तिला स्वयंपाक येत नव्हता. दिल्लीहून आई पत्रांतून कृती कळवायची. त्या शिदोरीवर उभं राहिलेलं ‘अ‍ॅन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग’ १९७३ मध्ये अमेरिकेत आलं. परदेशात बिऱ्हाड थाटलेल्या कुणालाही त्यातली धडपड ओळखीची वाटेल. ‘शेक्सपिअर वाला’चे निर्माते, मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट, यांनीही पुढे १९८६ मध्ये स्वतःचं पाकपुस्तक लिहिलं.

दुसरी जात सहलेखकाच्या मदतीने सजवलेल्या पुस्तकांची. झगमगीत कोट घालून पियानो वाजवणाऱ्या लिबराचीचं १९७०चं पुस्तक घ्या. कॅरल ट्रुआक्स या अनुभवी लेखिकेने ते त्याच्यासोबत केलं आणि मुखपृष्ठावरच त्याच्या घरातल्या सात जेवणघरांचा उल्लेख आहे. अशी पुस्तकं खोटी मानू नका. कृती बऱ्याचदा नीट तपासलेल्या असतात, कारण लिहिणारा हात व्यावसायिक असतो. आभाराचं पान आधी वाचलंत की कुणाचं काम किती ते कळतं.

तिसरी जात निव्वळ पाहण्याची. दालीच्या पुस्तकात १३६ कृती आहेत आणि त्यातल्या काही पॅरिसच्या नामांकित हॉटेलांमधून आलेल्या आहेत, पण तिथे खरी मेजवानी चित्रांची आहे. पहिल्यांदाच रांधणार असाल तर इथून सुरुवात करू नका.

मराठीत या परंपरेचं एक छान उदाहरण आहे, दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’. लोकसाहित्याच्या अभ्यासक, १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणि त्यांनी आपल्याला खाण्यापिण्याचं पुस्तक दिलं. कमलाबाई ओगल्यांच्या बाबतीत उलटं झालं. १९७०च्या ‘रुचिरा’नेच त्यांना घराघरांत पोचवलं.

पायरी २: शोधा, पण हातात घेऊन तपासा

मुंबईत फाउंटनच्या आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरचे पुस्तकवाले, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, ही सुरुवातीची ठिकाणं. पाकपुस्तकं तिथे बहुधा वेगळी लावलेली नसतात, मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली असतात, तेव्हा विक्रेत्याला नाव न सांगता ‘जुनी इंग्रजी कुकरीची पुस्तकं’ असं विचारा. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांचं नशीब अधिक चांगलं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयांच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत आणि धर्मादाय दुकानांत ही पुस्तकं सहज मिळतात. ऑनलाइन मागवताना टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला मागे टाकू शकतो. म्हणून आधी इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर त्याची स्कॅन केलेली प्रत वाचायला मिळते का ते बघा. दोन-चार कृती तिथूनच करून पाहा आणि मन बसलं तरच पैसे खर्च करा.

हातात घेतल्यावर आधी शेवटची पानं उघडा. सूची फाटलेली असेल तर स्वयंपाकासाठी ते पुस्तक अर्धं निकामी आहे. मग रंगीत चित्रांची पानं कापून नेलेली नाहीत ना ते बघा. शिवण सैल आहे का, हे मधलं पान पूर्ण उघडून कळतं. नाक लावून वास घ्या. जुन्या कागदाचा गोडसर वास चालतो, पण कुबट, ओलसर वास म्हणजे बुरशी, आणि ती शेजारच्या पुस्तकांनाही लागते. पानांवरचे तपकिरी ठिपके मात्र नुसते वयाचे असू शकतात. त्यांनी स्वयंपाकाला काही बाधा येत नाही.

किमतीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. अमेरिकेत त्या काळी बुक क्लबच्या, म्हणजे फक्त सभासदांसाठी छापलेल्या, स्वस्त आवृत्त्या भरपूर निघत. वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसेल आणि मागच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात एखादा छोटा दाबलेला ठसा असेल, तर ती प्रत बहुधा बुक क्लबची. रांधायला ती तितकीच चांगली, फक्त पहिल्या आवृत्तीचा भाव देऊ नका.

आवृत्तीने मजकूरही बदलतो. अमेरिकी लेखिका गर्ट्रूड स्टाइनची जोडीदार अ‍ॅलिस बी. टोक्लस हिचं पाकपुस्तक १९५४ साली आलं. तिच्या एका चित्रकार मित्राने पाठवलेली, भांग घातलेल्या वडीसारखी एक कृती ब्रिटिश आवृत्तीत छापली गेली आणि पहिल्या अमेरिकी आवृत्तीतून गाळली गेली. म्हणून विकत घेताना साल, देश आणि प्रकाशक या तिन्ही गोष्टी बघा. दालीसारखं पुस्तक घ्यायचं तर सरळ नवी छपाई घ्या. मूळ प्रत ओट्यावर ठेवण्याच्या लायकीची नसते आणि परवडतही नाही.

पायरी ३: आधी बसून वाचा

पुस्तक आलं की लगेच कढई चढवू नका. प्रत्येक कृतीच्या डोक्यावरचा दोन-चार ओळींचा मजकूर वाचत चला. पदार्थ कुठे खाल्ला, कुणी शिकवला, घरी करताना काय बदललं, असं काही नेमकं तिथे असेल तर कृती जगलेली आहे. नुसती ‘अप्रतिम’, ‘पाहुण्यांना आवडेल’ अशी विशेषणं असतील तर पान उलटा.

प्राइस दांपत्याचं पुस्तक या बाबतीत फार समृद्ध आहे. पॅरिसचं ‘तूर दार्जां’ आणि व्हेनिसचा ‘हॅरीज बार’ ज्या पुस्तकात आहेत, त्याच पुस्तकात लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर मिळणारा हॉट डॉगही आहे, आणि तोही तितक्याच आदराने. चांगलं ते चांगलं, मग ते चांदीच्या ताटात असो की कागदात गुंडाळलेलं, ही त्या माणसाची वृत्ती. पुढे १९७१ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर त्याने स्वयंपाकाची मालिका केली आणि १९७५ मध्ये जॉनी कार्सनच्या लोकप्रिय अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात चक्क भांडी धुण्याच्या मशीनमध्ये मासा शिजवून दाखवला. त्याची कृती वाचताना हा खेळकरपणा लक्षात ठेवलात तर कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे हात सैल सोडायचा ते समजतं.

मेनूकार्डं असतील तर तीही वाचा. त्या काळी एका जेवणात काय काय एकत्र वाढलं जायचं हे तिथे दिसतं, आणि पुढे बेत ठरवताना तेच उपयोगी पडतं.

जुन्या प्रतीत एक मौल्यवान खूण आयती मिळते, ती म्हणजे डाग. ज्या पानावर लोण्याचे तेलकट ठसे, व्हॅनिलाचा तपकिरी ओघळ, पिठाने चिकटलेला कोपरा असेल, ती कृती आधीच्या मालकिणीने पुन्हा पुन्हा केलेली आहे. समासात पेन्सिलीने ‘साखर कमी’ असं लिहिलेलं सापडलं तर ते छापील मजकुरापेक्षा जास्त मानावं. पहिला पदार्थ अशाच पानावरचा निवडा.

पायरी ४: मापं बदलून घ्या

इथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो, म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवू. पुस्तक अमेरिकी की ब्रिटिश हे आधी पक्कं करा. अमेरिकी कप २३७ मिलिलिटरचा असतो. आपल्याकडे मिळणारे २४० मिलिचे मापाचे कप त्याला चालतात. अमेरिकी पिंट ४७३ मिली, पण ब्रिटिश पिंट ५६८ मिली. दोन्हींत जवळपास अर्ध्या वाटीचा फरक पडतो, आणि तेवढ्याने कस्टर्ड बसतं किंवा फसतं. चहाचा चमचा दोन्हीकडे ५ मिली धरा, टेबलस्पून १५ मिली. ऑस्ट्रेलियन पुस्तक असेल तर टेबलस्पून २० मिलीचा असतो, हे सिडनी-मेलबर्नच्या मंडळींना ठाऊक असेलच.

‘एक स्टिक बटर’ म्हणजे ११३ ग्रॅम, आठ टेबलस्पून. ‘अंड्याएवढं लोणी’ असं लिहिलेलं आढळलं तर साधारण ५५ ते ६० ग्रॅम घ्या. ताज्या यीस्टची एक छोटी वडी म्हणजे १७ ग्रॅम. तिच्या जागी कोरडं यीस्ट सव्वादोन चहाचे चमचे, म्हणजे ७ ग्रॅम लागतं.

मैद्याच्या बाबतीत शब्दांचा क्रम बघा. ‘चाळलेला मैदा एक कप’ म्हणजे आधी चाळायचा आणि मग हलक्या हाताने कपात भरायचा. तो साधारण ११५ ग्रॅम भरतो. ‘एक कप मैदा, चाळून’ म्हणजे आधी मोजायचा. डब्यात कप बुडवून भरलात तर तो १४० ग्रॅमपर्यंत जातो. केक दगडासारखा होण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नसेल तर या छंदासाठी पहिली खरेदी त्याची करा.

ओव्हनचे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात, कधी नुसते शब्दांत. ‘स्लो ओव्हन’ म्हणजे ३०० ते ३२५ फॅरनहाइट, आपल्या मापात १५० ते १६० सेल्सिअस. ‘मॉडरेट’ म्हणजे ३५०, म्हणजे १७५ ते १८०. ‘हॉट’ म्हणजे ४००, म्हणजे २०० च्या थोडं वर. ब्रिटिश पुस्तकातला गॅस मार्क ४ हा १८० सेल्सिअसच्या बरोबरीचा. घरगुती ओटीजीची खोली लहान असते आणि कांडी पदार्थाच्या अगदी जवळ येते, त्यामुळे वरून पटकन करपतं. आत ठेवायचा स्वस्त थर्मामीटर घ्या आणि पुस्तकातल्या वेळेच्या तीनचतुर्थांश वेळी पहिल्यांदा डोकावा.

अमेरिकी पुस्तकांत डब्यांचे नंबरही सतत भेटतात. ३०३ नंबरचा डबा म्हणजे सुमारे दोन कप, २ नंबरचा म्हणजे अडीच कप, अडीच नंबरचा म्हणजे साडेतीन कप. आज हे डबे नाहीत, कप मोजून घ्या.

जुन्या मराठी पुस्तकांनाही हीच शिस्त लागू पडते. दशमान वजनं १९६२ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या पुस्तकांत शेर, छटाक, तोळा असतात. तोळा साडेअकरा ग्रॅमपेक्षा किंचित जास्त, छटाक पाच तोळ्यांचा म्हणजे ५८ ग्रॅम, आणि वजनी शेर ८० तोळ्यांचा म्हणजे ९३३ ग्रॅम. धान्याच्या बाबतीत मापी शेर असू शकतो, चार शेरांची पायली करणारा, तेव्हा तो वजनी समजून चालू नका.

पायरी ५: जिनसांचा मेळ घाला

लोण्यापासून सुरुवात. आपल्याकडचं पिवळं बटर खारट असतं. ते वापरलंत तर कृतीतलं मीठ गाळा. ‘हेवी क्रीम’मध्ये ३६ टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो, तर आपल्याकडच्या खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के. सूपला, सॉसला ते चालतं, पण फेटून फुलवायचं असेल तर कितीही घुसळा, फुलणार नाही. त्यासाठी जास्त स्निग्धांशाचं व्हिपिंग क्रीमच आणा. आपली साखरही जाड दाण्याची, ती मिक्सरमध्ये एकदा फिरवून घ्या.

‘क्रीम ऑफ मशरूम’ सूपचा डबा त्या काळच्या अमेरिकी कृतीत हटकून येतो. एक डबा म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम. त्याऐवजी बारीक चिरलेले मशरूम लोण्यात परतून घट्टसर व्हाइट सॉस करा, सव्वा कप. मूळपेक्षा हे चवीला सरस लागतं. ‘ओलिओ’ म्हणजे मार्गारिन, तिथे बिनदिक्कत लोणी घाला.

जिलेटिनच्या घुमटाकार जेलींशिवाय साठ-सत्तरच्या दशकातलं पुस्तक पुरं होत नाही. जिलेटिनचं एक पाकीट ७ ग्रॅमचं, ते दोन कप द्रव बसवतं. शाकाहारी घरात त्याऐवजी अगार-अगारची पूड सुमारे ४ ग्रॅम घ्या, पण ती द्रवात घालून एक-दोन मिनिटं उकळावीच लागते, नुसती विरघळवून भागत नाही. ती थोडी ठिसूळ बसते. या कृतींत अननस नेहमी डब्यातलाच सांगितलेला असतो. ताज्या अननसातलं एन्झाइम जिलेटिन तोडतं आणि जेली बसतच नाही, डब्यातला अननस तापवलेला असल्याने ते निष्प्रभ झालेलं असतं. अगारवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे आपण ताजा अननस घालू शकतो.

पायरी ६: जिथे जुनं ऐकायचं नाही

काही बाबतीत आजचं ज्ञान प्रमाण मानायचं, तिथे भावनेला जागा नाही. कच्च्या अंड्याची मूस, मेयोनेज किंवा एगनॉग (कच्चं अंडं फेटलेलं दूध) लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारी माणसांना देऊ नका. भाज्या आणि मांस घरच्या घरी डबाबंद करण्याच्या जुन्या कृती वाचून सोडून द्या. त्या वेळा आणि तापमान अपुरे असू शकतात आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष वासावरून कळत नाही. चिकन आतून ७४ सेल्सिअसला पोचलं पाहिजे. पोर्कच्या बाबतीत उलट आहे. त्या काळी ते फार कोरडं होईपर्यंत भाजायला सांगत, आज अखंड तुकड्यांना ६३ सेल्सिअस आणि तीन मिनिटं विसावा पुरेसा मानतात. ब्रँडी ओतून पेटवायची कृती चिमणीखाली करायची नाही, इतकं सांगून पुढे जाते.

पायरी ७: पहिला पदार्थ, कॅथरीन हेपबर्नच्या ब्राउनी

सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची चार ऑस्कर मिळवणाऱ्या कॅथरीन हेपबर्नची ही कृती १९७५ मध्ये एका अमेरिकी महिला मासिकात आली आणि तेव्हापासून हातोहात फिरते आहे. २००३ मध्ये ती गेली, तेव्हा तिच्या शेजारच्या एका मुलीने वर्तमानपत्राला पत्र लिहून हेपबर्नचा सल्ला कळवला होता, त्याचा एक भाग असा की ब्राउनीत मैदा फार घालू नये. कृतीत मैदा खरोखरच फक्त पाव कप आहे.

मूळ प्रमाण: बिनसाखरेचं चॉकलेट २ औंस, लोणी एक स्टिक, साखर १ कप, अंडी २, व्हॅनिला अर्धा चहाचा चमचा, मैदा पाव कप, मीठ पाव चमचा, अक्रोडाचे तुकडे १ कप. आठ इंची चौकोनी भांडं, ३२५ फॅरनहाइट, ४० मिनिटं.

आता आपल्या ओट्यावर. बिनसाखरेचं चॉकलेट सगळीकडे मिळत नाही. त्याऐवजी बिनसाखरेचा कोको सहा सपाट टेबलस्पून, म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम, आणि वर जादा लोणी दोन टेबलस्पून. म्हणजे लोणी एकूण साधारण १४० ग्रॅम. साखर २०० ग्रॅम, दळून. मैदा फक्त ३० ते ३५ ग्रॅम. अक्रोड ११० ते ११५ ग्रॅम, हाताने मोडलेले. अंडी फोडून वजन करा, दोन मिळून १०० ग्रॅमच्या आसपास हवीत. आपली अंडी बऱ्याचदा लहान असतात, कमी भरलं तर तिसऱ्यातलं थोडं फेटून घाला. बटर खारं असेल तर मीठ नको. आठ इंची चौकोनी डबा नसेल तर नऊ इंची गोल डबा घ्या, क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच येतं. आठ इंची गोल घेतलात तर थर जाड होऊन मध्ये कच्चं राहतं.

ओव्हन १६० वर पंधरा मिनिटं तापू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी मंद आचेवर वितळवा, कोको घाला आणि गाठी मोडेपर्यंत ढवळा. गरम लोण्यात कोकोचा वास खुलतो, तो नाकाला कळतो. गॅस बंद करून साखर मिसळा. मिश्रण बोटाला कोमट लागेपर्यंत थांबा, नाहीतर अंडी शिजून तार धरतील. मग अंडी आणि व्हॅनिला घालून लाकडी चमच्याने जोरात फेटा. रवाळ, निस्तेज मिश्रणाला चकाकी आली आणि ते पातेल्याची कड सोडू लागलं की थांबा. मैदा आणि अक्रोड घालून पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा. लोणी लावून तळाला बटर पेपर घातलेल्या डब्यात ओता.

तिसाव्या मिनिटाला पहिल्यांदा बघा. वर पातळ, चमकदार, किंचित तडकलेला पापुद्रा हवा. मध्ये टोचलेल्या काडीला ओलसर कण चिकटले पाहिजेत. काडी स्वच्छ आली तर वेळ टळून गेली आहे. बाहेर काढल्यावर ती मऊ आणि डळमळीत वाटेल, वाटू द्या. पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नका, जमल्यास तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कापा.

यातलं अंडं काढून दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घालायचा मोह टाळा. मैदा इतका कमी आहे की सगळा डोलारा अंड्यावर उभा आहे. अंडं चालत नसेल तर ही कृती सोडून सूप, ब्रेड किंवा फळांच्या गोडाकडे वळा. अशा कृती प्रत्येक पुस्तकात असतात.

पायरी ८: मग एक बेत करा

दोन-तीन पदार्थ हाताखालून गेले की त्याच पुस्तकातलं एक पूर्ण जेवण मांडा. एक सूप, एक मुख्य पदार्थ, एक गोड, एवढंच. त्या काळचं जेवण लोणी-क्रीमने जड असतं, म्हणून सोबत काकडीची किंवा गाजराची साधी कोशिंबीर ठेवा, तीच जिभेला उसंत देते. जेवताना पुस्तक टेबलावर फिरू द्या. पाहुणे मेनूकार्डावरच्या किमती मोठ्याने वाचतात, आपापल्या आजीच्या हातचं काही आठवतात, आणि जेवण लांबतं.

पायरी ९: नोंदी ठेवा आणि पुस्तक जपा

पुस्तक ओट्यापासून हातभर लांब, तिरक्या स्टँडवर ठेवा. किमती प्रत असेल तर कृतीचा फोटो काढून फोनवरून वाचा. बदललेली मापं वेगळ्या कागदावर लिहून त्या पानात ठेवा. पुस्तकातच लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, आणि ओव्हनचं तापमान व तुम्हाला लागलेली खरी वेळ न विसरता टिपा. जुनी कात्रणं पानांत सापडली तर ती आम्लधर्मी कागदाची असल्याने शेजारची पानं पिवळी करतात, ती वेगळ्या पाकिटात ठेवा.

कोकणात, मुंबईत, गोव्यात खरी परीक्षा पावसाळ्यात होते. प्राइसच्या मूळ आवृत्तीसारखी कातड्यासारख्या वेष्टणाची जाड पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली तर आत घाम धरून चिकट होतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं दाटीने भरू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. वेखंड किंवा कडुनिंबाचा सुकलेला पाला कापडी पुरचुंडीत ठेवण्याची आपली जुनी रीतही चालू ठेवा, फक्त पाला पूर्ण सुकलेला हवा. फुटपाथवरून आणलेल्या पुस्तकात कसर किंवा वाळवीचा संशय आला तर ते हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पुस्तक खोलीच्या तापमानाला आलं की मगच उघडा, नाहीतर थंड पानांवर दव धरतं. पांढरी बुरशी दिसली तर मास्क लावून, गॅलरीत उभं राहून, मऊ कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं अजिबात लावू नका. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये सगळी पुस्तकं एक दिवस सावलीत, पंख्याखाली, पानं फाकवून उभी ठेवा.